मोड आणि पारख : आपल्या धंद्याच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

आपल्या ज्ञातीच्या इतिहासावर आजवर जे काही लिहिले गेले आहे, त्याचा आरंभ बहुधा त्वष्ट्यापासून होतो. इंद्राचे वज्र घडविणारा तो वैदिक देव आणि त्याचे नाव धारण करणारे आपण त्वष्टा कासार, हे सांगून झाले की लेखक एकदम पेशवाईत उतरतो. कोकणातून पुण्यास आलेली घराणी, कसब्यातील तांबट आळी, घणांचा नाद, बंब, घंगाळी आणि मठारकाम यांचे वर्णन होते व लेख संपतो. हे सर्व यथार्थ आहे आणि अभिमानास्पदही आहे. परंतु भांडे कसे घडले हे सांगताना ते कशातून घडले, याचा विचार फार थोड्यांनी केलेला दिसतो. सह्याद्रीच्या काळ्या दगडात काढण्याजोगे तांबे नाही, जस्त नाही आणि कथील तर नाहीच. आपल्या पूर्वजांकडे धातू दोनच वाटांनी येई : एक बंदरातून आणि दुसरी गिऱ्हाइकाच्या माजघरातून. या दुसऱ्या वाटेने येणाऱ्या धातूस आपण मोड म्हणतो.

फुटकी घागर, बूड गेलेले पातेले, कान तुटलेली परात, चेपलेला तांब्या, मोडक्या समईचा दांडा, हे सारे मोडीत मोडते. एखादी वस्तू वा प्रथा निकामी ठरली म्हणजे ती 'मोडीत काढली' असे सारा महाराष्ट्र म्हणतो, तो शब्दप्रयोग आपल्या दुकानच्या तराजूपाशी जन्मलेला आहे. मात्र भाषेत त्यास जो निरुपयोगीपणाचा अर्थ चिकटला, तो आपल्या धंद्यात कधीच नव्हता. कासाराच्या दृष्टीने मोड म्हणजे भांडवल होय. ते भांडवल किती मोलाचे, हे ठरविण्याची विद्या म्हणजे पारख. घण मारण्याइतकीच ही पारख आपल्या पूर्वजांची विद्या होती आणि घणाच्या कितीतरी आधी ती आपल्या हातून निसटली, असे आमचे मत आहे. ते कसे घडले, हे या लेखात सांगण्याचा आमचा मानस आहे.

धातूच्या व्यवहारात विश्वास हीच पहिली पुंजी असते, याचा आपल्या प्रांतातील एक फार जुना पुरावा उपलब्ध आहे. जुन्नरच्या लेण्यांतील एका ब्राह्मी लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीबरोबर कासाकारांच्या, म्हणजे कांसे-पितळ घडविणाऱ्यांच्या, श्रेणीचाही उल्लेख आहे. धर्मकार्यासाठी दिलेले द्रव्य या श्रेणींपाशी ठेवले जाई आणि त्याच्या उत्पन्नातून ते कार्य चालावे अशी योजना असे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी लोक आपली ठेव कासारांच्या हवाली करीत होते, हे आपल्यापैकी किती कुटुंबांस ठाऊक आहे ? ज्याच्या तराजूवर लोकांचा विश्वास नाही, त्याच्यापाशी कोणी देवाची ठेव ठेवीत नाही.

पारखीचा लेखी पुरावा त्यानंतरचा आहे. तेराव्या शतकाच्या सुमाराचा मानला जाणारा रसरत्नसमुच्चय हा ग्रंथ वैद्यकाचा व रसविद्येचा. परंतु त्यात पितळेचे रीतिका आणि काकतुंडी असे दोन भेद सांगून ते ओळखण्याची कसोटीही दिलेली आहे. पितळ तापवून कांजीत, म्हणजे आंबवलेल्या पेजेत, बुडवावे. तांबूस झाले तर रीतिका आणि काळे पडले तर काकतुंडी. एका आंबट पाण्यात बुडवून दोन पितळे वेगळी करण्याची ही युक्ती आहे, आणि ज्या घरी चिंचेचा कोळ व राख घेऊन भांडी घासली जात, त्या घरी अशी युक्ती समजण्यास ग्रंथाची गरज पडली नसावी. त्याच ग्रंथात जस्त ऊर्ध्वपातनाने काढण्याची कृतीही आहे. राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे जस्त काढण्याच्या जुन्या भट्ट्या १९८३ साली उत्खननात जशाच्या तशा सापडल्या; वांग्याच्या आकाराच्या छत्तीस मुशी एका भट्टीत उलट्या मांडलेल्या होत्या. इंग्लंडात ब्रिस्टलच्या चँपियनने अशाच पद्धतीचे पेटंट घेतले ते १७३८ साली, म्हणजे आपल्या देशातील भट्ट्या कित्येक पिढ्या धुमसल्यानंतर. असो.

आता मोडीची निवड करावयाची ती का, हे तरुण वाचकांसाठी जरा विस्ताराने सांगणे अवश्य आहे. कारण भट्टी पाहिलेली पिढी आता विरळ होत चालली आहे. तांबे १०८५ अंशांस वितळते. जस्त ९०७ अंशांस उकळते. या दोन आकड्यांत ओताऱ्याचे सारे दुःख सामावलेले आहे. पितळ मुशीत घालून ते पातळ होईपर्यंत तापविले की त्यातील जस्त वाफ होऊन वर येते, हवेत पेटते आणि पांढऱ्या कापसासारख्या भुग्याने भट्टीची भिंत माखून जाते. तो भुगा म्हणजे गेलेले धन आहे, आणि त्याचा धूर छातीत गेला की त्या रात्री हुडहुडी भरून ताप येतो. म्हणून मुशीच्या तोंडावर लोणारी कोळशाचा थर, वर टाकणखाराची चिमूट, आणि जस्ताची भर घालावयाची ती अगदी शेवटी, असा क्रम असे. मोड जितकी मळकट, जितकी बारीक व जितकी मिश्र, तितका वेळ ती मुशीत अधिक राहते, तितके कीट अधिक निघते आणि तितके जस्त अधिक उडते. दहा शेर मोड घालून साडेनऊ शेर माल निघणे आणि साडेआठ शेर निघणे, यांतील अंतर ओताऱ्याच्या कौशल्यापेक्षा निवडणाऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून असे.

मिसळणीचे दोष तर याहून घातक. कांशात कथील असते. १०० भागांत सुमारे ७८ भाग तांबे व २२ भाग कथील हे उत्तम कांशाचे प्रमाण होय. अशा कांशाच्या दोन वाट्या चुकून पितळेच्या मुशीत पडल्या तर जो पत्रा निघतो तो घणाखाली तडकतो. पितळी पत्र्यात शिसे शिरले तर तापवून ठोकताना तो चिरतो. लोखंडाचे कण राहिले तर कठीण गाठी पडून छिन्नीची धार जाते. याउलट खरादावर चढवावयाच्या ओतीव पितळेत थोडे शिसे असणे हितकारक असते, कारण कीस सुटा पडतो. म्हणजे एकाचा दोष तो दुसऱ्याचा गुण. वाईट असते ती फक्त अजाण मिसळण.

ही निवड कशाने होत असे ? हाताने, कानाने, डोळ्याने. कांशाची वाटी टिचकीने वाजविली तर नाद लांबत जातो. पितळेचा नाद लवकर बसतो. मोडलेल्या जागी कांसे करडे-पांढरे व बारीक दाण्याचे दिसते. कानशीची एक रेघ ओढली की आतील रंग उघडा पडतो : तांबे अधिक असेल तर लालसर, ७० भाग तांबे व ३० भाग जस्त असेल तर सोनेरी पिवळा, जस्त फार झाले तर फिकट. लोखंडाची कडी, खिळा किंवा मूठ शोधण्यास लोहचुंबक. ओतीव वस्तू जड, जाड व आतून खरबरीत. पत्र्याची वस्तू हलकी, कडेस वळलेली. नळाची तोटी, बिजागरी, समईचे बूड, घंटेचा तुकडा, वातीच्या स्टोव्हची टाकी, या प्रत्येकाची रास निराळी.

यानंतर साफसफाई. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. चिंच लावून मोड चकचकीत केली म्हणजे भाव वाढतो, अशी समजूत पुष्कळ घरांत आढळते. मोडीचा खरेदीदार चकाकीस पैसा देत नाही. चकाकी भट्टीत क्षणात नाहीशी होते. तो पैसा देतो निर्भेळपणास. म्हणून मेहनत करावयाची ती लोखंडी मुठी व रिवेट छिन्नीने उडविण्यात, जुन्या दुरुस्तीचा शिसे-कथिलाचा डाख किंचित तापवून फडक्याने पुसून काढण्यात, समईच्या पोकळ दांड्यात भरलेली लाख किंवा माती पाडून टाकण्यात, तेलातुपाचा थर राखेच्या ऊन पाण्याने धुण्यात. कल्हईची भांडी वेगळी ठेवावीत, कारण तांब्यावरील कथील हा तांब्याच्या दृष्टीने मळच होय. भट्टीचे कीट, ऐरणीभोवतालची झाडण आणि कानशीचा कीसही टाकून देण्याजोगा नसे. सोनाराच्या दुकानची झाडण धुऊन सोने काढणाऱ्या झारेकऱ्याचे नाव सर्वांस माहीत आहे. तांबटाचे कीट कुटून, पाखडून, पाण्यात धुऊन त्यातील धातूचे दाणे वेचण्याचे काम मात्र घरच्याच बायामाणसांनी केले आणि त्याची नोंद कोणत्याही बखरीत नाही. भट्टीपाशी पुरुष उभे राहिले, म्हणून इतिहासात पुरुष आले. मोडीच्या राशीपाशी ज्या बसल्या होत्या, त्यांच्याविषयी या स्मरणिकेत चार ओळी तरी असाव्यात, म्हणून हा उल्लेख.

जुन्या व्यवहाराची रीत अशी : गिऱ्हाइकाने मोड आणावी, ती त्याच्यासमक्ष तोलावी, घट धरावी, आणि उरलेल्या वजनाचे नवे भांडे द्यावे, पैसा घ्यावयाचा तो केवळ मजुरीचा. येथे सारा प्रश्न घटीचा असे. घट म्हणजे मळ व जळ यांबद्दल सोडून द्यावयाचे वजन. ती प्रामाणिक असली तर गिऱ्हाईक नातवंडांपर्यंत टिके. ती अवाजवी असली तर कासाराच्या नावाने म्हणी तयार होत, आणि तशा म्हणी मुळीच नव्हत्या असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. त्यात वजनांचा घोळ असे तो वेगळाच. मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर बंगाली मण ८२ पौंडांहून थोडा अधिक. शब्द एक आणि वजन तिपटीच्या आसपास. १९५६ च्या कायद्यान्वये १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला आणि हा घोळ मिटला, ही उपकाराची गोष्ट होय.

एक विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधील ज्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या, त्यांतील काही आजही देवळांत टांगलेल्या आहेत. नाशिकास नारोशंकराच्या देवळावरील घंटा १७२१ सालची आहे. भीमाशंकरासही तशी घंटा आहे. तोफा ओतण्यास धातूची निकड असलेल्या त्या काळात इतके उत्तम कांसे मुशीत न जाता देवापुढे गेले. भक्ती हे त्याचे कारण खरेच. मात्र मोड होण्याजोगे काय आणि राखण्याजोगे काय, हे जाणणारी माणसे तेव्हा होती, असेही आम्हांस वाटते.

आता पारख गेली ती कशी ? १८३२ साली बर्मिंगहॅमच्या जॉर्ज मुंट्झ याने ६० भाग तांबे व ४० भाग जस्त यांच्या स्वस्त पितळेचे पेटंट घेतले. लाकडी जहाजांच्या तळास मढविण्यासाठी त्याचे पत्रे जगभर खपले आणि यंत्रावर लाटलेला विलायती पत्रा मुंबई बंदरातून तांबाकाट्यावर व तेथून पुणे-नाशिकच्या तांबट आळ्यांत आला. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात तांब्यापितळेच्या भांड्यांचा धंदा शहराच्या प्रमुख धंद्यांत गणला आहे. म्हणजे पत्र्याने धंदा बुडविला नाही, उलट वाढविला. पूर्वी मोड वितळवून तिची चकती ओतावी, ती तापवून तापवून ठोकावी आणि मग पत्रा व्हावा, यात दिवसच्या दिवस जात. आता तयार पत्रा कापून घडाई सुरू. कोण नाही म्हणेल ?

पण या सोयीची किंमत हळूहळू कळली. ज्यास वितळवावयाचे नाही, त्यास निवडावयाचेही कारण उरले नाही. मोड घरच्या भट्टीऐवजी व्यापाऱ्याच्या गोदामात जाऊ लागली. व्यापारी ती एकगठ्ठा घेई, सर्वांत हलक्या मालाच्या भावाने घेई, आणि निवडून, साफ करून, राशी पाडून चढ्या भावाने ओताऱ्यास विकी. निवडीचा जो नफा आपल्या ओट्यावर मिळत होता, तो त्याच्या गोदामात मिळू लागला. शिवाय कारागीर पत्र्यासाठी त्याच व्यापाऱ्याचा ऋणको झाला. मुंट्झच्या पितळेचा स्वभावही वेगळा : तापवून ठोकले तर उत्तम, थंड ठोकले तर चिरणारे. ७०-३० च्या पितळेची सवय असलेल्या हाताखाली ते फुटले म्हणजे दोष कारागिराच्या माथी येई. पत्रा आला आणि पारख गेली, असे आम्ही म्हणतो ते या अर्थाने.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळात तर दख्खनच्या कुणब्यांनी आधी चांदीचे दागिने आणि मग स्वयंपाकाची भांडी विकली. ज्या घरात तांब्याची एकच कळशी, त्या घरची कळशी मोडीत आली. भुकेल्या माणसास घट विचारण्याचे त्राण नसते. त्या दोन वर्षांत कोणी कोणास काय भाव दिला, याचे हिशेब कोठे असतील तर ते आपल्या जुन्या चोपड्यांत असतील, आणि ते आपणच वाचले पाहिजेत, मग ते सुखद असोत वा नसोत.

विसाव्या शतकातील कथा त्रोटक सांगतो. दुसऱ्या महायुद्धात धातूंची टंचाई झाली. १९४२ ते ४५ या वर्षांत अर्धा आणा, आणा व दोन आणे यांची नाणीही निकेल मिसळलेल्या पितळेची पडली. युद्ध संपताच लष्कराच्या शिल्लक मालाचे लिलाव झाले. काडतुसाचे पितळ ७०-३० चे, अत्यंत शुद्ध व मऊ, घडाईस सोन्यासारखे. परंतु न उडालेली एखादी टोपी मुशीत गेली तर प्राणाशी गाठ, हेही ओताऱ्यांस शिकावे लागले. नाणी वितळविणे हा गुन्हा आहे. १९७१ साली लहान नाण्यांसाठी त्याविषयी स्वतंत्र कायदा झाला आणि पुढे २०११ च्या नाणे कायद्यातही ती मनाई कायम राहिली. मोडीत नाणी आढळली तर ती बाजूस काढावीत.

त्यानंतर घरोघर स्टेनलेस स्टील आले. घासण्याचे कष्ट नाहीत, कल्हई नाही, चिंच नाही. गृहिणींनी ते आनंदाने स्वीकारले आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची पितळ एका-एका स्टीलच्या डब्यासाठी दारोदार गेली. आज मोडीची मोठी बाजारपेठ जामनगर व मुरादाबादकडे आहे. जामनगरचे पितळी सुटे भाग देश-परदेशांतील मोडीवर चालतात, आणि मोठ्या गोदामांत क्ष-किरणांच्या हातयंत्राने तुकड्यातील तांबे, जस्त, शिसे यांचे प्रमाण काही क्षणांत दिसते. जी विद्या आपल्या आजोबांच्या कानात होती, ती आता यंत्रात आहे. ती आपल्यापाशी मात्र राहिलेली नाही.

एका उदाहरणाने याचे मोल स्पष्ट होईल. समजा, घरातील माळ्यावरून २० किलो मोड निघाली. तीत पत्र्याची पितळी भांडी १४ किलो, ओतीव तोट्या व समया ३ किलो, तांब्याची कळशी १ किलो, कांशाच्या वाट्या १ किलो, आणि लोखंडी मुठी, डाख, माती मिळून १ किलो. ही रास तशीच दिली तर खरेदीदार ती सर्व ओतीव मळकट पितळेच्या भावाने धरतो आणि त्यावर मळाबद्दल एकाऐवजी दोन किलो कापतो. तांबे पितळेहून महाग आणि कांशातील कथील तांब्याहूनही महाग. पण तुमच्या कळशीचे व वाट्यांचे मोल तोटीच्या भावात बुडाले. एका दुपारचे निवडणे आणि एक छिन्नी, इतकेच साधन हा तोटा टाळण्यास लागते.

पैशापेक्षा मोठी गोष्ट शिशाची आहे. नळाच्या तोट्या व खरादी कामाचे पितळ यांत शिसे असते. अशी मोड निवडल्यावाचून भांड्यांच्या ओतकामात गेली, किंवा कल्हईस शुद्ध कथिलाऐवजी शिसेमिश्रित कथील वापरले, तर ते शिसे आमटी-भाताबरोबर मुलांच्या पोटात जाते आणि लहान मुलांच्या मेंदूस ते निश्चित अपायकारक आहे. आज पितळी व तांब्याच्या भांड्यांची आवड पुन्हा वाढत आहे, आपल्या तरुणांपैकी काहींनी मठारकामास नवे गिऱ्हाईक मिळविले आहे. अशा वेळी आपल्या नावाने विकल्या जाणाऱ्या भांड्यात कोणती मोड गेली, हे सांगता येणे ही जुन्नरच्या श्रेणीइतकीच जुनी जबाबदारी आहे.

शेवटी एक विनंती. जुन्या भांड्यांवर नाव घालण्याची रीत होती : देणाऱ्याचे, घेणारीचे, गावाचे, कधी शके, कधी वजन. ही अक्षरे म्हणजे आपल्या घराण्यांची लहानशी ताम्रपटेच होत, आणि मुशीत ती सर्वांत आधी नाहीशी होतात. मोड देण्याचे ठरलेच तर भांड्याच्या काठावर पातळ कागद धरून त्यावर पेन्सिल आडवी घासावी. अक्षरे आपोआप उमटतात. तो कागद ज्ञातिसंस्थेकडे पाठवावा. त्यावर भांड्याचे नाव, ते कोणत्या घरात होते ते गाव, आणि वजन केलेले असल्यास तेही लिहावे.